‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमकं काय, ते पण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून ‘सर्व्हर डाऊन, नागरिकांना मनस्ताप’ अशी बातमी येते, रांगेचा फोटो असतो आणि कारण म्हणून ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच, संपलं. मी छोट्या संस्थांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा बिघाडांत हॅकिंग वगैरे काही नसतं हो, डिस्क भरलेली असते. भरते कशाने, तर लॉगने. लॉग म्हणजे मशीनची रोजकीर्द, कोण आलं, काय मागितलं, कुठे अडलं, सगळं ते आपलं आपण लिहीत बसतं आणि कोणी थांबवलं नाही तर डिस्क संपेपर्यंत लिहितं.

मागच्या पावसाळ्यात एका पतसंस्थेतून फोन आला, काउंटरवर एंट्री होईना, पासबुक छापेना, तोवर कोणीतरी सर्व्हर रिस्टार्ट पण करून झालेला. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मारलं तर रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा मुख्य भाग, १०० टक्के भरलेलं. मग डीयूने (कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय ते सांगणारी कमांड) फोल्डर फोल्डर बघत गेलो, व्हार लॉग या लॉगच्या फोल्डरमध्ये अॅपची एकच फाइल ३० जीबीच्या वर, आणि तिचं शेपूट उघडलं तर एकच ओळ, एसएमएस गेटवेला (मेसेज पाठवणाऱ्या सर्व्हरला) कनेक्शन नाकारलं, कनेक्शन नाकारलं, सेकंदाला कितीतरी वेळा. सॉफ्टवेअरवाल्यांनी टेस्टिंगला डीबग मोड (बारीकसारीक सगळं लॉगमध्ये लिहायची सेटिंग) चालू केलेला तो तसाच सोडून गेले होते. आता अशी फाइल रिकामी करायच्या आधी ती ओळ वाचायची असते, कारण दुखणं तिथे असतं, फाइल नुसती साफ केली तर आठवड्यात परत तेच.

तिथल्या हुशार मुलाने माझ्या डोळ्यांसमोर आरएम या डिलीटच्या कमांडने फाइल उडवली आणि डीएफ बघितलं तर अजून १०० टक्केच, बिचारा गोंधळला. लिनक्समध्ये फाइलचं नाव गेलं तरी ज्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती उघडून धरलीय ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही, म्हणून डीयू एक आकडा सांगतं आणि डीएफ दुसराच. एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) लावलं की ‘डिलीटेड’ म्हणून ती फाइल दिसते, मग ती सर्व्हिस रिस्टार्ट करा, जागा लगेच परत. त्यापेक्षा कामाचा भाग दुसरीकडे कॉपी करून चालू फाइल ट्रंकेटने, म्हणजे न उडवता आतलं पुसून, शून्य केलेली बरी.

लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढून ठराविक काळाने पुसणारा प्रोग्रॅम) असतंच की, असं लोक म्हणतात. असतं, पण ते बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदाच चालतं, तुम्ही १०० एमबीची मर्यादा लिहिली तरी ती बघितली जाते ते चालेल तेव्हाच, मधल्या वेळात फाइल २० जीबी झाली तर त्याला पत्ता नसतो. आणि अॅपची फाइल त्याच्या यादीत कोणी घातलेलीच नसते, ते वेगळंच. सिस्टीमडीचं जर्नल, म्हणजे लिनक्सची स्वतःची लॉगवही, त्यामानाने शहाणं, स्वतःहून डिस्कच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबीवर थांबतं, त्यामुळे दोष नेहमी त्याच्यावर ढकलू नका.

यात भर म्हणजे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश, सगळ्या सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे. आदेश बरोबरच आहे, उद्या फ्रॉड झाला तर शोधणार कशात? पण अनेकांनी त्याचा अर्थ काढला की रोटेशन बंद करा आणि सगळं त्याच डिस्कवर साठू द्या! अहो, त्याच डिस्कवर ठेवा असं कुठे म्हटलंय, देशातल्या देशात दुसऱ्या मशीनवर पाठवा, कॉम्प्रेस करा, निदान व्हार लॉगला वेगळं पार्टिशन द्या म्हणजे लॉग भरला तरी डेटाबेस श्वास घेईल.

मोठ्यांचं पण असं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने बंद पडले, पार्टच्या ऑर्डर हाताळणाऱ्या सर्व्हरच्या मेंटेनन्समध्ये डिस्कची जागा कमी पडली, बॅकअप सर्व्हर पण त्याच सिस्टीमवर असल्याने तो पण अडकला. तिथे लॉग नव्हे, डेटाबेसची साफसफाई चालू होती, पण कंपनीने कारण काय ते स्वतः जाहीर केलं. आपल्याकडे पब्लिकच्या पैशाने चालणारा सर्व्हर बसला तर तेवढं सुद्धा कोणी सांगत नाही.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी तुमच्या बातमीदाराला तीन गोष्टी विचारायला सांगा: डिस्क भरली होती का, ती ८० टक्के भरली की कोणाच्या मोबाइलवर अलर्ट जातो, आणि देखभालीच्या टेंडरमध्ये लॉगचं काम कोणाच्या नावावर लिहिलंय.

आपला,
एक वाचक, सांगली