खांद्यावरून घसरलेला पट्टा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्यांदा वाचताना हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही. तू ज्यांचं व्यक्तिचित्र काढतोयस त्या बाईंनी, तुझ्यासमोर अकरा बैठका झाल्यावर म्हणावं, हनुवटी जरा कमी करा! जशी काही शिंप्याकडे बाही आखूड करायला टाकलीय. आणि तू मला विचारतोस, हनुवटी बदलू की पैसे परत करू? मला चटकन काही सुचेना, म्हणून जॉन सिंगर सार्जंट या चित्रकाराची चित्रं बघायला काढून बसलो. दोन रात्री त्यातच गेल्या.

शिकत असताना आपण त्याला किती नावं ठेवायचो, आठवतं? श्रीमंतांचा लाडका, रेशमाचा रंगारी. तेव्हा आपल्याकडे हातापेक्षा मतं जास्त होती.

आईबाप अमेरिकन, जन्म १८५६ चा फ्लॉरेन्समधला, आणि लहानपण युरोपभर बिऱ्हाड हलवण्यात गेलेलं. अठराव्या वर्षी तो पॅरिसला कारोल्यूस-द्युराँकडे शिकायला गेला. हे गुरुजी आधी नीट रेखाटन आणि मग रंग, असं करू देत नसत. थेट ब्रशने, रंगातच चेहरा उभा करायचा, आणि डोळ्यांपुढे सदैव जुना स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ. पोरगा १८७९ मध्ये माद्रिदला जाऊन त्याच्या चित्रांच्या नकला करून आला. त्यानंतर तीन वर्षांनी केलेलं बॉइट बहिणींचं चित्र बघ. सव्वादोन मीटरच्या चौकोनी कॅनव्हासवर चार मुली, आणि सगळ्यात मोठी मागे अंधारात फुलदाणीला टेकून उभी, तोंड वळवून. लेकीचा चेहरा असा काळोखात घालवलेला कुठल्या बापाला आवडेल? सार्जंटने घालवला.

पण तुझ्या हनुवटीशी नातं आहे ते मादाम गोत्रोच्या चित्राचं. ते कुणी सांगून काढलेलं नव्हतं, हे लोक विसरतात. पॅरिसमध्ये तिच्या रूपाचा बोलबाला होता आणि माझं चित्र काढू दे म्हणून हाच तिच्या मागे लागला होता. तिची कातडी पावडरीने फिकट जांभळी दिसायची. एका मैत्रिणीला लिहिताना त्याने त्या रंगाला टीपकागदाचा, म्हणजे शाई टिपायच्या कागदाचा, रंग म्हटलं होतं. (आपल्या पिढीनंतर टीपकागद कुणाला कळणार, देव जाणे.) तिला एका जागी बसायचा कंटाळा, त्यामुळे पेन्सिलीची रेखाटनं ढीगभर झाली. शेवटी काळा झगा, एका बाजूला वळलेलं ते टोकदार नाक, आणि उजव्या खांद्यावरून घसरलेला झग्याचा रत्नजडित पट्टा. १८८४ च्या सॅलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात, चित्र लागलं आणि एकच गिल्ला झाला. पट्टा काय, कातडीचा रंग काय, लोकांना सगळंच असभ्य वाटलं. बाईंची आई रडत आली, चित्र उतरवा म्हणाली. त्याने उतरवलं नाही. दिसली तशीच रंगवली, एवढंच त्याचं म्हणणं.

आता पुढचं नीट ऐक. प्रदर्शन संपल्यावर त्याने तो पट्टा रंगवून खांद्यावर चढवला. नाकाला हात लावला नाही, कातडीच्या टीपकागदी रंगाला तर नाहीच.

पॅरिसमध्ये कामं मिळेनाशी झाली, तसा तो लंडनला गेला आणि टाइट स्ट्रीटवर राहून पुढची वीस वर्षं नुसता चेहरे रंगवत सुटला. पद्धत तुला माहीतच आहे, तूही अर्धी तीच वापरतोस. कॅनव्हास माणसाच्या शेजारी उभा करायचा, लांब मागे जाऊन दोन्ही एकत्र बघायचं, तरातरा पुढे येऊन एक फटकारा मारायचा, की परत मागे. मधेच पियानोवर बसायचं. चित्रातलं डोकं बिघडलं तर डागडुजी नाही, अख्खं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. लेडी ॲग्न्यूचं चित्र १८९२ मध्ये सहा बैठकांत झालं म्हणतात. ती खुर्चीत जी सैल रेललीय ना, तो सैलपणा सहा बैठकांचाच आहे. अकराव्या बैठकीला माणूस लाकडाचा होतो. हा टोमणा तुलाच आहे.

पूर्णाकृती चित्राला हजार गिनींच्या, म्हणजे हजाराहून थोड्या जास्त पौंडांच्या, घरात पैसे मिळायचे, दारात रांग असायची. आणि १९०७ च्या सुमारास, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने व्यक्तिचित्रं बंद केली. अडलंच तर कोळशाने तासा-दोन तासांत एक चेहरा काढून द्यायचा. त्या रेखाटनांना तो चक्क 'थोबाडं' म्हणे. मग जलरंग, बॉस्टनच्या ग्रंथालयातली भित्तिचित्रं, आणि १९१९ मधलं ते सहा मीटर लांबीचं युद्धचित्र. विषारी वायूने होरपळलेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत चाललेत आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. जन्मभर डोळे रंगवलेल्या माणसाचं हे चित्र! मी त्यापुढे बराच वेळ थांबलो.

गोत्रोबाईंचं चित्र त्याने तीस वर्षांवर स्वतःजवळ ठेवलं. बाई वारल्यावर, १९१६ मध्ये, न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला हजार पौंडांना दिलं आणि कळवलं की आपल्या हातून झालेलं बहुधा हेच सर्वोत्तम.

तर तुझी हनुवटी. ती पट्ट्यात मोडते की नाकात, हे मला इथून कसं दिसणार? ओठाखालची सावली नेहमीसारखी जड पडली असेल, तर बाईंचं बरोबर आहे; चूक तुझी आहे आणि गुपचूप खरवड. हनुवटी खरंच तेवढी असेल, तर झग्याची कॉलर वर घे, मोत्यांची माळ घाल, काय वाटेल ते कर, पण तिला हात लावू नकोस. पैसे मात्र परत करू नकोस, घरभाडं सार्जंट भरणार नाही.

चित्राचा एक फोटो पाठव. दिवसाउजेडी काढलेला, दिव्याखालचा नको. आणि बाईंचाही एक, बाजूने.

तुझाच,
रंग वाळायची वाट बघणारा