गिरगावातला पंप

प्रिय बंड्या,

दिवाळीनंतर तुला एक ओळ नाही, घाल शिव्या. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. आपल्या बिल्डिंगचा पंप पुन्हा बसलाय, हे साताऱ्यात सांगू कुणाला?

बापू रोज फोनवर पंपाचं ‘सगळं ओके’ म्हणतो. म्हणून मी त्याच्याकडून जिन्याच्या वीजमीटरचा फोटो मागवतो, पंप त्यावरच आहे. एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट खाते. वरची टाकी तासाभरात भरते, दिवे धरून दिवसाला दीड युनिट. दिवसाचा आकडा तीनवर गेला तेव्हाच कळलं. वरची टाकी वाहत असती तर काकूंचा आवाज थेट इथे आला असता. म्हणजे मोटर फिरतेय, पाणी चढत नाही.

प्लंबर म्हणे, नवी मोटर घ्या. अरे, आधी फूट व्हॉल्व्ह बघ ना, खालच्या टाकीतल्या सक्शन पाइपाच्या टोकाची एकतर्फी झडप! झडपेत कचरा अडकला की पाइपातलं पाणी खालच्या टाकीत उतरतं, पंप हवा ओढतो, कोरडा फिरून सील तापतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमधून मोटरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत. तपासायचं सोपं आहे: पंपाचं बूच उघडून काठोकाठ पाणी भर. पाच मिनिटांत उतरलं तर व्हॉल्व्ह गळतोय, किंवा सक्शनचा जॉइंट.

टाकीतली पातळी बघून पंप चालू-बंद करणारा वॉटर लेव्हल कंट्रोलर लावूनही हे टळत नाही, कारण खालच्या टाकीत पाणी असतंच. करंट बघणारं ड्राय-रन प्रोटेक्शन हवं. पंप कोरडा पडला की मोटरवरचा भार उतरतो, करंट घटतो आणि ते मोटर बंद करतं.

आता तुझं जुनं टुमणं नको, ‘दुरुस्तीचा उपकर भरतोस, म्हाडाला सांग’. त्यांचं दुरुस्ती मंडळ खांब-तुळया बघतं रे, पंप नाही! त्यावरून आपण वडापाव अर्धा टाकून भांडलो होतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्ती मालकाच्या गळ्यात, आणि भाडेवाढ वर्षाला ४ टक्के. पागडीच्या शंभर रुपये भाड्यावर चार रुपये! व्हॉल्व्हची रबरसुद्धा येत नाही त्यात.

ताईचं ऑपरेशन झालं का? तन्वीने शेवटी कुठलं कॉलेज घेतलं? नव्या नोकरीचं सविस्तर लिही.

रविवारी प्लंबर येईल तेव्हा जरा उभा राहा. व्हॉल्व्हची जाळी घासून घे, सक्शनच्या आट्यांना टेफलॉन नीट गुंडाळायला लाव. आणि जुना व्हॉल्व्ह त्याला नेऊ देऊ नकोस, पितळी आहे.

तुझा,
अन्या