सूचना: शुक्रवारची फेरी आणि रोजची सायकल

सर्व सभासदांना नमस्कार.

या महिन्याची सामूहिक सायकल फेरी नेहमीप्रमाणे शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी आहे. पण ही आठवण खरं तर बाकीच्या दिवसांसाठी. फेरीला गर्दी होते आणि सोमवारी पुन्हा गाडीची किल्ली हातात येते, असं होऊ देऊ नका. कामावर, बाजारात, शाळेत सायकलनेच जा. रस्ता फक्त मोटारींचा नाही, हे फलकांपेक्षा रोजच्या वावरातून जास्त ठसतं.

१९६५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या ‘प्रोव्हो’ या बंडखोर तरुणांच्या गटाने सायकली पांढऱ्या रंगवून कुणीही वापराव्यात म्हणून कुलपाविना रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या उचलून नेल्या! पुढे १९७० च्या दशकात अपघातांत मुलं दगावू लागली, तेव्हा तिथले पालक रस्त्यावर उतरले. आज नेदरलँड्समध्ये दिसणारे सायकलमार्ग या रेट्याशिवाय झाले नसते.

सिग्नल पाळा, फुटपाथवर चढू नका. आणि कडेला अगदी चिकटून चालवू नका. मागच्या मोटारवाल्याला वाटतं जागा आहे, आणि तो हँडलला घासून गाडी पुढे काढतो. उभ्या मोटारींपासूनही दार उघडेल एवढं अंतर ठेवा. हा आपला हक्क आहे, त्यात संकोच कसला?

कामाच्या ठिकाणी सायकल स्टँड नसेल तर लेखी अर्ज द्या. तोंडी मागणी विसरली जाते. पोच घेतलेली प्रत पुढच्या बैठकीला आणा. सगळे अर्ज एकत्र जोडून स्थानिक प्रशासनाला निवेदन द्यायचं आहे.

– कार्यकारी समिती