आई-बाबा, पगार वाढवून मागितला, तुम्हाला सांगायचं राहिलं

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवरच सांगणार होते पण फोनवर आपलं काय होतं माहितीय ना, बाबा स्पीकरवर टाकतात, आई मधेच ओवी जेवली का विचारते आणि मी सगळं बरंय म्हणून ठेवून देते. म्हणून हे टाइप करतेय. बाबा, अक्षरं मोठी करून घ्या, दोन बोटांनी ताणायचं, दाखवलं होतं मागच्या वेळी. नाहीतर सोनूला सांगून प्रिंट काढून आणा आणि आईला वाचून दाखवा. आधी पूर्ण वाचा, मग फोन करा.

तर, मी ऑफिसात पगार वाढवून मागितला. आणि वाढवून मिळाला, एप्रिलपासून लागू. आई, तू आधी हे ऐक, नोकरीला काही झालेलं नाही, तीच आहे, ऐरोलीलाच आहे, कोणाशी भांडण झालेलं नाही.

शिमग्याला आले होते तेव्हाच सांगायला हवं होतं. पालखी दारात आलेली, आई ओटी भरत होती, आणि बाबा तुम्ही नारळ हातात घेऊन माझ्या शेजारी उभे होतात आणि हळूच विचारलंत, नोकरी ठीक ना गं. मी हो म्हटलं. तेव्हा माझा मेल जाऊन चार दिवस झाले होते आणि उत्तर आलं नव्हतं. पोटात गोळा होता पण तुमच्या सणात तो कशाला आणायचा म्हणून बोलले नाही. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय.

तुम्हाला वाटेल हिला अचानक काय सुचलं. अचानक नाही हो. २०१७ च्या दिवाळीपासूनची गोष्ट आहे ही. बाबांच्या छातीत कळ आली आणि नेमका एसटीचा संप, स्टँडवर एक गाडी हलत नव्हती, आणि कुंदाकाकूंच्या ओम्नीतून तुम्हाला ठाण्याला आणलं. पूर्ण रस्ताभर बाबा तुम्ही संपाचंच बोलत होतात, पोरांचा पगार किती कमी आहे, ड्रायव्हर कसा घर चालवतो, आणि आई म्हणत होती गप्प बसा हो आता. दोन स्टेंट पडले. तुम्ही माझ्याकडे राहिलात आणि मी रोज अर्धं लक्ष घरी ठेवून ऑफिस करत होते. तेव्हाच मी त्या वेळच्या मॅनेजरकडे जाऊन सांगितलं, सर मला यावर्षी प्रमोशन नको, मोठी वाढ नको, फक्त आठवड्यातले दोन दिवस घरून काम आणि वेळ पुढेमागे करायची मुभा द्या. त्यांनी लगेच हो म्हटलं.

आणि मी खूश होते, खरंच. आई, हे वाचून तू लगेच म्हणशील आमच्यामुळे पोरीचं नुकसान झालं. तसं म्हणायचं नाही. मला ते हवं होतं. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आपल्या घरात घड्याळापर्यंत चढलं, तेव्हा मी दोन महिने तिथे राहू शकले ते याच मुभेमुळे. कुंदाकाकूंच्या वरच्या खोलीत लॅपटॉप, कानात हेडफोन, खाली अंगणात फावड्याने चिखल ओढल्याचा आवाज, आणि गॅलरीत दोरीवर चिमटे लावून बाबांच्या पेन्शनचे कागद वाळत घातलेले. एक कागद वाऱ्याने उडाला तर मी कॉल म्यूट करून धावले होते, आठवतंय? ते दोन महिने मला कोणी दुप्पट पगार देऊन परत मागितले तरी द्यायची नाही.

पण बाबा, तुम्ही हिशोबाचे माणूस आहात म्हणून हिशोबच सांगते. २०१८ पासून २०२५ पर्यंत आठ अप्रेजल झाली. मला दरवेळी चार टक्क्यांच्या आसपास. माझ्या बरोबरीच्यांना नऊ. ऐकायला पाचच टक्क्यांचा फरक वाटतो, मलाही वाटायचा. पण वाढीवर वाढ चढत जाते ना. आठ वर्षं नऊ टक्क्यांनी पगार जवळजवळ दुप्पट होतो आणि चार टक्क्यांनी एक तृतीयांशाच्या थोडा वर जातो. मी ५८ हजारावर होते, ७९ वर आले. तोच पगार असलेली माणसं १ लाख १५ च्या घरात गेली. आणि पीएफ बेसिकवर, तोही तेवढाच मागे. ग्रॅच्युइटी तर शेवटच्या बेसिकवर मोजतात, वर्षाला पंधरा दिवस, म्हणजे आत्ता बेसिक वाढलं तर मागची चौदा वर्षंही नव्या दराने धरली जातील आणि नाही वाढलं तर चौदाही जुन्याच दराने. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्या निवृत्तीच्या वेळी तुम्हीच कागदावर मांडून दाखवलं होतं.

तरीही मी गप्पच राहिले असते कदाचित. पण लॉकडाऊननंतर सगळ्यांनाच घरून काम मिळालं. आमच्या टीममध्ये पंचवीस वर्षांची मुलं आहेत, त्यांना पहिल्या दिवसापासून आठवड्याला दोन दिवस घरून, कोणी काही सोडलं नाही त्यासाठी. ज्या गोष्टीचे पैसे मी आठ वर्षं मोजत होते ती आता सगळ्यांना अशीच मिळते, आणि माझ्या पगारातून मात्र अजून कापलं जात होतं. वर डिसेंबरात मी स्वतः शिकवलेली एक मुलगी नोकरी सोडून गेली, जाताना कॅन्टीनमध्ये बोलता बोलता तिने आकडा सांगितला. ती जुन्या पगारावरसुद्धा माझ्यापेक्षा सहा हजार पुढे होती. तिचा काही दोष नाही, गुणी मुलगी आहे. पण त्या दिवशी ठाण्याला उतरले आणि दहा नंबरच्या बाकावर बसूनच राहिले, दोन गाड्या आल्या नि गेल्या.

तेव्हा मला तुमच्या कंडक्टरकीतली हेदवीची मुक्कामी एसटी आठवली. मी तिसरीत असेन, मे महिना, तुम्ही मला हट्टाने बरोबर नेलंत. रात्री शाळेच्या पडवीत चटईवर बॅटरीच्या उजेडात तुम्ही नाणी लावत होतात, रुपयाची वेगळी, आठ आण्यांची वेगळी, मी थप्प्या सरळ करत होते. वे-बिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाशी, ताळा लागेना, दोन रुपये कमी. तीनदा मोजलं. मग तुम्ही शर्टाच्या खिशातून दोन रुपये काढून थप्पीवर ठेवलेत आणि म्हणालात झोप आता. मी विचारलं बाबा हे आपले का घातले, तर म्हणालात कमी पडले ते कंडक्टरने घालायचे असतात. मला ते फार थोर वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण बाबा, तुमचे कमी पडलेले तुम्ही मोजून, बघून, त्याच रात्री भरलेत. मी आठ वर्षं खिशातून घालत राहिले आणि एकदाही थप्पी मोजली नाही. म्हणून आता मोजली.

तुम्हाला पगार कधी एकट्याने मागावा लागला नाही. चार-चार वर्षांनी करार व्हायचा, युनियन बोलायची, उशिरा का होईना सगळ्यांचं एकदम वाढायचं. आमच्याकडे तसं नाही, आमच्याकडे ज्याचं त्याने मागायचं, आणि न मागणाऱ्याला वाटतं आपलं काम बघून कोणीतरी देईल. मी वाट बघितली, नाही दिलं कोणी. मग महिनाभर रात्री बसून सगळं लिहून काढलं, जीएसटी आला तेव्हा दोन सिस्टिमचा डेटा कोणी जुळवला, लॉकडाऊनमध्ये महिनाअखेरच्या हिशोबाचं एकही क्लोजिंग कसं चुकलं नाही, ऑडिटच्या शंका किती कमी झाल्या. समीरसमोर तीनदा बोलून बघितलं. तो म्हणाला आकडा सांगितलास की थांब, पुढे सारवासारव करू नकोस, तुला ती सवय आहे.

मीटिंगमध्ये मॅनेजर अपेक्षेप्रमाणे तेच म्हणाल्या, पण तुला तर फ्लेक्सिबिलिटी आहे. मी म्हटलं मॅडम, ती आता टीममध्ये सगळ्यांना आहे, मग पगार फक्त माझाच का मागे. आणि १ लाख १५ म्हणाले. आणि थांबले. बाबा, काय सांगू, टेबलावर चहाचा कप होता, त्याच्यावर साय धरेपर्यंत कोणी बोललं नाही. माझे हात थंड पडले होते, मी ते मांडीखाली घेतले, शाळेत तोंडी परीक्षेला घ्यायचे तसे.

१५ दिवसांनी उत्तर आलं, १ लाख २ हजार. मागितले तेवढे नाहीत पण ७९ वरून मोठी उडी आहे. मी हो म्हटलं.

आता जे सांगायला जड जातंय ते. यात एक अट आहे. मंगळ, बुध, गुरु ऑफिसात जावं लागेल. म्हणजे दर महिन्याला मी घरून कामाचे दिवस जोडून घेऊन आठ-दहा दिवस चिपळूणला येऊन तिथून काम करते ते आता तसं जमणार नाही. दोन महिन्यांतून एक पूर्ण आठवडा तिथून काम करायचं मी लेखी घेतलंय, ते मात्र मी हटून घेतलं, त्याच्याशिवाय सही केली नसती. आणि मधल्या महिन्यात शनिवार-रविवार. बाबा म्हणतील हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलीस. मी खूप विचार केला हो. ओवी पुढच्या वर्षी दहावीला, मी एकेचाळीसची, आणि तुमची पेन्शन महिन्याच्या औषधांनाही पुरत नाही हे आपल्या तिघांनाही माहितीय. दादाचं काय ते तुम्हाला माहीतच आहे, मी तो विषय काढत नाही. पण उद्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर मला कोणापुढे हात पसरायला नको, तुम्हालाही नको. म्हणून केलं. तुमच्यापासून लांब जायला नाही केलं, एवढं मनात ठेवा.

आणि तुमची सगळी सोय लावलीय. सुनंदाताई सकाळी आठ ते अकरा येतील, मी बोललेय त्यांच्याशी, पैसे मी परस्पर देणार. आई, त्यांना पोळ्या आणि भांडी करू दे. तू त्यांच्या मागे मागे फिरून परत ओटा पुसायचा नाहीस, गुडघा सुजतो. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला माणूस पुढच्या आठवड्यात येईल. इन्व्हर्टर घेतेय, तो वरच्या खोलीतच ठेवायचा, बाबा, कितीही जड वाटला तरी खाली नको, एकदा पाणी बघितलंय आपण.

बाबा, तुमचं ते सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड अजून काढलेलं नाही. ७२ पूर्ण झाली. वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार आहे त्यात, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं फक्त. मी आले की काढायचंच, तिथे लाइन मोठी असते वगैरे ऐकणार नाही. हयातीचा दाखलाही तेव्हाच फोनवर चेहरा दाखवून करून टाकू, बँकेत खेटे नकोत. गोळ्यांचा डबा मी रंगाने केलाय, निळा सकाळचा, लाल रात्रीचा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल, मी ट्रेनमधून उतरून ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर बसची वाट बघताना करेन, गोंगाट असेल पण दिसाल तरी. बीपी मोजून आकडा वहीत लिहून ठेवायचा, "ठीक आहे" असं लिहायचं नाही.

आई, तुझ्या हातचं कुळथाचं पिठलं महिन्याला खायची सवय लागलीय गं मला. इथे करते मी पण तसं होत नाही. ओवी म्हणते आई तू आजीचं करतेस तेव्हा घरात आजीचा वास येतो पण चव तुझीच येते. काल रात्री हे लिहायला बसले तेव्हा एकदम वाटलं तुझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगावं सगळं, तू नुसते केस मागे करशील, काही बोलणार नाहीस. मला वाटतं तुला राग येणार नाही. वाईट वाटेल. ते वाटलं तर मला सांग, बाबांना पुढे करू नकोस.

आंबे पाठवायची घाई करू नका, पेटी बांधायला बाबा वाकतात आणि मग दोन दिवस कंबर धरून बसतात. मीच घेऊन जाईन.

मार्चचं क्लोजिंग उरकलं की ११ एप्रिलला शनिवारी येतेय, पहाटेच्या जनशताब्दीचं तिकीट काढलंय, पूर्ण आठवडा आहे, त्यातलाच पहिला. बाबा, स्टेशनवर न्यायला येऊ नका, रिक्षा मिळते. आणि यायचंच असेल तर आईला सांगून या आणि डोक्याला टोपी घाला, ऊन वाढलंय.

तुमची,
बेबी