रिकाम्या बाकांमुळे झालेले कायदे

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील यादवी युद्धावरील (१८६१-६५) लेख वाचला. कापसाची तेजी, समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या बॅकबे कंपनीच्या शेअरांचे भाव आणि १८६५ च्या जुलैत मुंबईत उडालेला हाहाकार ही हकीकत लेखकाने रंगवून सांगितली आहे आणि खानदेशात कापूस पिकवणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला ती कितीदाही वाचायला आवडते. मात्र युद्ध संपेपर्यंत अमेरिकेचा आर्थिक गाडा रुतलेलाच होता, असे जे लेखात म्हटले आहे ते वस्तुस्थितीला धरून नाही. त्या देशाची पुढची आर्थिक घडी ज्या कायद्यांनी बसवली त्यांपैकी बरेचसे १८६२ या ऐन धुमश्चक्रीच्या वर्षातले आहेत, आणि ते होऊ शकले याचे कारण युद्धच होते.

दक्षिणेतील ११ राज्ये फुटून निघाली तेव्हा त्यांच्या बहुतेक प्रतिनिधींनी काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतील, आपली बाके रिकामी केली. त्याआधी पश्चिमेकडील सरकारी जमीन कष्टकऱ्यांना फुकट देण्याची मागणी दक्षिणेचे मळेवाले हाणून पाडत, कारण तिथे स्वतः नांगर धरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती झाली असती तर गुलामगिरीला पुढे सरकायला जागा उरली नसती. अध्यक्ष बुकॅनन यांनी शेतकी महाविद्यालयांचे विधेयक १८५९ मध्ये आणि जमीनवाटपाचे १८६० मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. पॅसिफिकपर्यंतच्या रेल्वेचे घोडे तर मार्ग उत्तरेतून न्यायचा की दक्षिणेतून, या एकाच वादात अडले होते. दक्षिणेकडचा मार्ग सुकर व्हावा म्हणून मेक्सिकोकडून एक कोटी डॉलर मोजून जमिनीचा पट्टाही विकत घेऊन झाला होता!

विरोधक उठून गेल्यावर काय झाले ते तारखाच सांगतात. २५ फेब्रुवारी १८६२ रोजी, मागाल तेव्हा सोन्यात बदलून न मिळणाऱ्या सरकारी कागदी नोटा कायदेशीर चलन ठरल्या. मागची बाजू हिरवी म्हणून त्यांचे नावच ‘ग्रीनबॅक’ पडले. २० मे रोजी होमस्टेड कायदा झाला. नाममात्र शुल्क भरून पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर मालकीने मिळू लागली. १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा आणि २ जुलैला महाविद्यालयांसाठी जमीन देण्याचा कायदा झाला.

यातला रेल्वेचा कायदा थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. सरकार कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची एकाआड एक चौरस मैलांची जमीन तर देतच होते, शिवाय दर मैलामागे सपाटीवर १६ हजार आणि डोंगरात ४८ हजार डॉलरचे कर्जरोखेही देत होते. साहजिकच डोंगर नेमका कुठे सुरू होतो, हा प्रश्न लाखमोलाचा ठरला. पश्चिमेकडून रूळ टाकणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीने माती पाहून डोंगराचा पायथा कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोपासून अवघ्या सात मैलांवर, आर्केड क्रीक नावाच्या ओढ्याशी, असल्याचा दाखला मिळवला आणि लिंकन यांनी १८६४ मध्ये तो मान्य केला. डोळ्यांना दिसणारे डोंगर तिथून कितीतरी मैल पुढे होते. सातबाऱ्यावरची जिरायत बागायत करून घेणारे आपल्याकडेही आहेत, पण सबंध पर्वतरांग ओढून आणणे हे कौतुकच म्हणायचे. रूळ अखेर १० मे १८६९ रोजी युटातील प्रॉमंटरी इथे जुळले. पश्चिमेकडील बाजूचे काम मुख्यतः चिनी मजुरांनी, बर्फात बोगदे खोदून केले होते.

महाविद्यालयांच्या कायद्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील दर सदस्यामागे ३० हजार एकर आणि ती विकून आलेल्या पैशातून शेतकी व यंत्रविद्येचे शिक्षण, अशी ती योजना होती. वर्ध्याचे क्रांतिकारक व पुढे मेक्सिकोत नावाजलेले कृषितज्ज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे ऑरेगनमधील ज्या शेतकी महाविद्यालयात शिकले, ते याच योजनेतले होते.

ही सारी जमीन मोकळी पडलेली होती, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १८६२ च्याच उन्हाळ्यात मिनेसोटात कराराने ठरलेले पैसे वेळेवर न पोचल्यामुळे उपासमारीला आलेल्या डकोटा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी शस्त्र उचलले. तो उठाव मोडल्यावर २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकाटो गावी ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आले आणि पुढच्या वर्षी काँग्रेसने डकोटांशी केलेले करारच रद्द केले. फाशीनंतर सहाच दिवसांनी, १ जानेवारी १८६३ रोजी, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला आणि होमस्टेड कायद्याखालचे पहिले अर्जही त्याच दिवशी नोंदवले गेले.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, जळगाव