वस्तरा बफिंगला देऊ नकोस

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद,

वस्तऱ्याचे फोटो मिळाले, झूम करकरून बघितले. पात्याच्या मुळाशी झोलिंगेन, ते पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन गाव, स्पष्ट वाचता येतंय, म्हणजे डुसेलडॉर्फच्या जुन्या बाजारात तुला तुझ्या शेजारच्या गावचीच वस्तू मिळाली. आणि ते नाव उगाच कुणी छापू शकत नाही, १९३८ सालापासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तू हे स्वतःच्या हाताने नीट करायचं म्हणतोयस याचा मला फार आनंद झालाय, म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवतोय.

पहिलं म्हणजे तुझा मित्र म्हणतोय तसं बफिंग व्हीलला, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाला, अजिबात लावू नका. टूलरूममध्ये आयुष्य गेलं माझं, जळालेलं पोलाद खूप बघितलंय. हे पातं दोन्ही बाजूंनी पोकळ, म्हणजे खोलगट, घासलेलं असतं, धारेजवळ इतकं पातळ की नखावर हलकंसं टेकवलं तर काठ वाकताना दिसतो. एवढ्याशा पोलादात उष्णता जाणार कुठे? व्हीलवर जरा जास्त धरलं की २०० अंशांच्या वर गेलंच, पिवळसर झाक आली की टेंपर, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरायला लागलं, निळं पडलं की विषयच संपला, मग जगातला कुठलाही दगड आण, धार टिकणार नाही. हाताने गंज काढायला दोन-चार संध्याकाळी जातील, जाऊ देत.

आधी मूठ तपास. फोटोत कासवाच्या पाठीसारखी नक्षी दिसतेय, ती बहुतेक सेल्युलॉइड असावी. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून आम्लाचा वायू सुटतो आणि मूठ जिथे पात्याला झाकते नेमका तिथेच गंज चढतो. कापराचा उग्र वास येत असेल, भेगा पडल्या असतील तर मूठ बदलावीच लागेल. आणि ती विस्तवाजवळ नेऊ नकोस, भसकन पेटते.

गंजासाठी शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेव, मग ६०० नंबरचा वॉटर पेपर तेलातच भिजवून, मग १०००, मग २००० (नंबर मोठा तितका बारीक, दगडांचंही तसंच). पातं लाकडी फळीवर आडवं टेकवायचं, बोटं पाठीकडून धारेकडे न्यायची, धारेवरून आडवी कधीच नाही. सोनेरी अक्षरं आहेत तिथे कागद लावू नकोस, तो मुलामा नुसत्या घासण्याने जातो. काळे खड्डे राहिले तर राहू देत, ते काढायच्या नादात पोलाद जातं आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. खड्डा थेट धारेत उतरला असेल तरच काळजी, तिथे धार तुटत राहते.

आता दगड. वस्तऱ्याची गंमत ही की कोन धरायला काही लागतच नाही, पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवले की कोन आपोआप बसतो. तुझं पातं पाच सूत, म्हणजे पाच अष्टमांश इंच, रुंद दिसतंय, त्याला साधारण १६ ते १८ अंश येतो. पाठीवर इलेक्ट्रिकची टेप एक पदर लाव म्हणजे पाठ झिजणार नाही. दगड आधी सपाट करून घे, पेन्सिलने चौकटी आख आणि काचेवर वॉटर पेपर ठेवून त्यावर सगळ्या रेघा जाईपर्यंत घास. मग १००० चा दगड, पाणी टाकून, धार पुढे ठेवून ढकलायचं, आणि दाब नाही, जवळपास पात्याच्याच वजनावर. उलटवताना पाठीवरून उलटव.

खरं काम या १००० वरच होतं आणि लोक इथेच घाई करतात. धारेच्या दोन्ही बाजूंना दगडाने पडणारे उतार टोकापासून मुळापर्यंत एकमेकांना भिडले पाहिजेत. आम्ही सरफेस प्लेटला, म्हणजे अचूक सपाट पाटाला, निळा रंग लावून भाग कुठे टेकतो ते बघायचो, तसं तू उतारावर मार्करची शाई लाव, दोन हात मार, शाई जिथे राहिली तिथे दगड पोचलेला नाही. मग दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धर, कुठेही चमकणारा ठिपका दिसला तर ती जागा अजून बोथट आहे. हे झाल्याशिवाय पुढे ४०००, ८०००, १२००० केलंस तर नुसती बोथट धार चकचकीत होईल.

शेवटी चामड्याचा पट्टा, ताणून धरलेला, इथे उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा सैल पडला की काठ गोल होतो. दाढीला घेण्याआधी पातं स्पिरिटने पुसायचं, हे विसरायचं नाही, कुणी वापरलंय माहीत नाही. आपल्याकडच्या सलूनमध्ये सगळीकडे अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला तो रोगाच्या भीतीनेच. आणि पहिल्या दिवशी फक्त गाल, हनुवटी आणि गळा नंतर.

एखाद्या रविवारी झोलिंगेनला जाऊन ये. ग्रेफ्राथला पात्यांचं म्युझियम आहे, आणि वुपर नदीकाठी व्हिपरकोटन म्हणून जुनी घासण्याची गिरणी आहे, पाण्याच्या चाकावर दगड फिरायचे. कारागीर पातं दगडाला कसं धरायचे ते नीट बघ, जमलं तर व्हिडिओ काढ, मला बघायचंय.

१००० चं काम झालं की धारेचा भिंगातून फोटो काढून पाठव. मी बघून हो म्हटल्याशिवाय ४००० ला हात लावू नकोस. आई म्हणतेय तुरटी तिकडे मिळत नसेल तर कुरिअरने पाठवते, कळव.

तुझे बाबा