रेफरची चिठ्ठी: आरोग्यमंत्री साहेबांना खुलं पत्र

माननीय आरोग्यमंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. मी पालघर जिल्ह्यातल्या डोंगरातल्या एका पाड्यावरून लिहितोय, माझी जीप आहे, दिवसा पॅसेंजर मारतो आणि रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर पाड्यावरचे लोक माझंच दार वाजवतात, त्यामुळे सरकारी दवाखान्याचा व्हरांडा मला घरच्या ओट्याइतका माहितीये.

मागच्या ऑगस्टची गोष्ट. शेजारच्या वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या, पाऊस धो धो, ओढ्याला पाणी, जीप पलीकडे उभी. चौघांनी झोळी करून तिला ओढ्याच्या पार नेलं आणि पुढे मी बॅटरी धरून चाललो होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर जागीच होत्या. त्यांनी बोटातून रक्त काढून एचबी बघितलं, खूपच कमी निघालं, बीपी वाढलेलं, त्या म्हणाल्या दादा इथं होणार नाही, ग्रामीण रुग्णालयात न्या, आणि रेफरची, म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवायची, चिठ्ठी लिहून दिली. १०८ लांब गेलेली म्हणून माझ्याच जीपमधून निघालो, सिस्टर स्वतःची शाल तिच्या अंगावर टाकून सोबत आल्या, म्हणजे मागे केंद्र मोकळं. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर होते, ऑपरेशनची खोली होती, टेबल होतं, पण भूल देणारे डॉक्टर नव्हते. पुन्हा बोट टोचलं, पुन्हा चिठ्ठी. पुढच्या ठिकाणी भूलवाले होते तर रक्त नव्हतं. तिथंही पुन्हा बोट टोचलं, कारण आधीचा रिपोर्ट कोणी बघितलाच नाही. मग १०८ मधून त्र्यंबकचा घाट चढून नाशिक. पहाटे वहिनी वाचली. मूल पोटातच गेलं होतं.

त्या तिन्ही चिठ्ठ्या मी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यात. दोन चिठ्ठ्यांवर कारणाच्या जागी एकच वाक्य आहे, फॉर फर्दर मॅनेजमेंट, म्हणजे पुढच्या उपचारासाठी. पुढे कुठे जायचं, तिथं कोण आहे, बेड आहे का, रक्त आहे का, यातलं काहीच नाही.

मी कोणा एका डॉक्टरवर किंवा सिस्टरवर बोट ठेवत नाहीये साहेब, त्या रात्री प्रत्येकाने हातात होतं तेवढं केलं, पण प्रत्येकाच्या हातात अर्धंच होतं. सरकारचेच नियम सांगतात की डोंगरी आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८० हजारांमागे एक ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय पाहिजे. इमारती उभ्या आहेत. पण जिथं बाईला पाठवायचं त्या रुग्णालयात २४ तास सिझर, नवजात बाळाची काळजी आणि रक्त साठवायची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात, यातली एक नसली की बाकीच्या दोन असून नसल्यासारख्याच. स्त्रीरोगतज्ज्ञाची ऑर्डर निघते, भूलतज्ज्ञाची निघत नाही, मग सहा महिन्यांनी भूलतज्ज्ञ येतात तोवर स्त्रीरोगतज्ज्ञाची बदली झालेली असते. माझं म्हणणं एवढंच की या दोघांची ऑर्डर जोडीनं काढा आणि बदलीही जोडीनंच करा. आणि राहायला धड क्वार्टर द्या, पावसात छत गळणाऱ्या खोलीत लेकरंबाळं घेऊन कोण राहील हो?

१५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या दवाखान्यात उपचार फुकट झाले, केसपेपरचे पैसे बंद झाले, ते चांगलंच झालं, आमच्याकडे दहा रुपयांसाठीही माणूस मागे फिरायचा. २०११ पासून बाळंतिणीला जाण्यायेण्याची गाडी आणि जेवणही फुकट आहे. पण नेणारी गाडी कधी तरी मिळते, घरी सोडणारी बहुतेक वेळा मीच असतो, टाके घातलेली बाई जीपच्या मागच्या फळीवर बसून येते आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटते, हे मी आरशात बघतो.

अजून एक. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकांनी दवाखान्यावर देखरेख ठेवायचं काम सुरू झालं, पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होतं आणि आमचा भाग तेव्हा ठाण्यातच होता. पाड्यावर बसून लोक दवाखान्याला लाल, पिवळा, हिरवा शेरा द्यायचे, मग जनसुनावणी व्हायची आणि साहेब लोक समोर बसून उत्तर द्यायचे. मी तेव्हा पोरगा होतो, पण आमच्या आजीने वारलीत बोललेलं एका अधिकाऱ्याने लिहून घेतलं होतं हे मला आठवतं. तशी सुनावणी पुन्हा दर तीन महिन्यांनी घ्या आणि तिथं रेफरच्या चिठ्ठ्या वाचा, नावं झाकून. किती बायांना पुढे पाठवलं, का पाठवलं, पाठवण्याआधी पुढच्या दवाखान्याला फोन केला का, आणि नंतर त्या बाईचं काय झालं हे पहिल्या सिस्टरला कोणी कळवलं का. आमच्या सिस्टरला मूल गेल्याचं माझ्याकडून कळलं, आठ दिवसांनी, त्या औषधाच्या खिडकीजवळ उभ्या होत्या, तिथंच खाली बसल्या.

याला फार पैसा लागणार नाही. फोन आहेत, वही आहे, माणसं आहेत. रक्त साठवायला फ्रिज लागेल आणि तो चालायला वीज लागेल, पावसात आमच्याकडे दोन दोन दिवस लाईट नसते, तेव्हा जनरेटर आणि त्याचं डिझेल धरूनच हिशोब करा.

हे पत्र आत्ताच लिहायचं कारण आहे. वहिनी आणि दादा दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले होते, शिमग्याला परत आले. तिला पुन्हा दिवस गेलेत. आशाताईंनी परवा नाव नोंदवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, कार्डवर तारीख लिहिली. तारीख ऑगस्टमधली आहे. तेव्हा ओढ्याला पाणी असणार, झोळी आम्ही करू, जीपही आहे. ग्रामीण रुग्णालयातली भूलतज्ज्ञाची जागा अजून रिकामी आहे साहेब, तेवढी जुलैच्या आत भरा.

आपला,
एक जीपवाला, जिल्हा पालघर